सर्पगंधेच्या मुळीतून औषध वेगळे कसे झाले

(अभ्यासपाठ : पाड्यांवरील आरोग्यसेवक आणि वसतिगृहातील वरच्या वर्गांसाठी)



दहावीच्या एका मुलीने मला तासाला विचारले, "सर, मुळी उगाळली की ती सगळीच पोटात जाते. मग त्यातलं औषध कुठलं आणि नुसता भुसा कुठला?" मी कॉलेजात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, पण इतका सरळ प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. त्याचे उत्तर द्यायला सर्पगंधेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ही वनस्पती आपल्या जंगलातली आहे, तिचा गुण आपल्याकडच्या वैद्यांना आणि भगतांना पूर्वीपासून ठाऊक होता, आणि तिच्या मुळीतला नेमका पदार्थ शोधण्यासाठी दिल्लीपासून स्वित्झर्लंडपर्यंतच्या प्रयोगशाळा वीस वर्षांहून अधिक काळ झटत होत्या.

सर्पगंधेला कोकणात अडकई किंवा हरकी म्हणतात. शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. झुडूप गुडघ्याएवढे, फार तर मांडीएवढे. एका पेरावर तीन किंवा चार पाने गोलाकार येतात. फुले पांढरी, किंचित गुलाबी छटेची, पण त्यांचे देठ लाल. त्यामुळे गुच्छ लांबून लालसर दिसतो. फळे आधी हिरवी, पिकल्यावर जांभळी-काळी. मुळी वाकडीतिकडी, बाहेरून करडी-पिवळसर, आतून फिकट, आणि चवीला अतिशय कडू. अमेरिकेतून आलेली हिची एक बहीण, राउवोल्फिया टेट्राफायला, आता रस्त्याकडेला माजलेली दिसते. व्यापारात तिची मुळी सर्पगंधा म्हणून खपवली जाते. ओळख पक्की करायची ती फुलाफळांच्या दिवसांत. नुसत्या मुळीवरून भल्याभल्यांची फसगत होते.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नावात सर्प आहे, म्हणून साप चावल्यावर ही मुळी देण्याची चाल बऱ्याच ठिकाणी आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या पोर्तुगीज ग्रंथातसुद्धा 'सापाचे लाकूड' म्हणून एका मुळीची माहिती आहे आणि मुंगूस सापाशी लढताना ती खातो अशी कथा आहे. कथा गोड आहे, पण सापाच्या विषावर सर्पगंधेचा उपयोग होत नाही. सर्पदंश झालेल्या माणसाला धीर द्या, हातपाय हलू देऊ नका, आणि मिळेल त्या वाहनाने सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात न्या. मुळी उगाळण्यात गेलेली अर्धी घटका जिवावर बेतू शकते. भगतबाबांचा मान ठेवूनच हे सांगावे. बाबा सोबत दवाखान्यात आले तर रोग्याला धीरच येतो.

मुळीचा खरा गुण वेगळाच आहे. डोके फिरलेल्या, झोप न येणाऱ्या, आरडाओरडा करणाऱ्या माणसाला ती शांत करते. बिहारकडे तिला सरळ 'पागलांची दवा' म्हणत. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोन डॉक्टरांनी वैद्यकीय मासिकात लेख लिहून सांगितले की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. लोकांच्या ज्ञानाची आधुनिक वैद्यकाने घेतलेली ही पहिली महत्त्वाची नोंद.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

वाळलेल्या मुळीत बहुतेक भाग लाकूड आणि पिठूळ स्टार्च असतो. शंभर ग्रॅम मुळीत सुमारे एक ते तीन ग्रॅमच अल्कलॉइड, म्हणजे नत्र असलेले कडू पदार्थ, असतात. तेही एक नव्हे, कितीतरी प्रकारचे. आणि ते मुख्यतः सालीत असतात. हे आपल्या कामाचे आहे : माती काढण्यासाठी मुळी दगडावर घासली, साल निघून गेली, की मोलाचा भाग तिथेच गेला. पाण्याने हलक्या हाताने धुवावी.

हे पदार्थ लाकडातून बाहेर कसे काढायचे? इथे मुलांना मी सर्पगंधा वापरू देत नाही. हळद घेतो. दोन काचेच्या ग्लासांत अर्धा अर्धा चमचा हळद. एकात पाणी, दुसऱ्यात प्रथमोपचाराच्या पेटीतले स्पिरिट. (जवळ दिवा किंवा चूल नको.) ढवळून दहा मिनिटे ठेवले की फरक दिसतो. पाणी नुसते गढूळ होते आणि हळद तळाशी बसते. स्पिरिटचा रंग मात्र स्वच्छ, गडद पिवळा होतो, कारण हळदीतला रंगद्रव्याचा भाग, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. त्या पिवळ्या स्पिरिटचा थेंब कागदावर वाळवून त्यावर चुन्याची निवळी टाकली की डाग लालभडक होतो. घरोघरी हळद आणि चुन्यापासून कुंकू होते ते याच गुणामुळे. म्हणजे आपण दोन गोष्टी केल्या : योग्य द्रावक निवडून पदार्थ बाहेर काढला, आणि तो तिथे आहे की नाही हे ओळखण्याची खूण शोधली. मुळीतल्या कोणत्याही औषधाचा शोध या दोन पायांवर चालतो.

सर्पगंधेची पूड अशीच अल्कोहोलमध्ये भिजवतात. अल्कोहोल उडवून दिले की गडद तपकिरी, चिकट राळ उरते. त्यात अल्कलॉइड असतात, पण तेल, रंग, राळ असा बराच कचराही असतो. मग रसायनतज्ज्ञ एक जुनी युक्ती वापरतात. अल्कलॉइड हे स्वभावाने आम्लारी, म्हणजे आम्लाशी जुळणारे. राळेत सौम्य आम्ल मिसळलेले पाणी घातले की अल्कलॉइड आम्लाशी बांधले जाऊन पाण्यात उतरतात आणि तेलकट कचरा मागे राहतो. नंतर त्या पाण्यात अमोनिया घातला की आम्लाची गाठ सुटते, अल्कलॉइड पाण्याला नकोसे होतात, आणि क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात गोळा करता येतात.

१९३१ सालीच दिल्लीच्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइड स्फटिकरूपात वेगळे केले. कॉलेजचे आधारस्तंभ हकीम अजमल खान तेव्हा हयात नव्हते; त्यांच्या स्मरणार्थ सिद्दिकींनी एका पदार्थाचे नाव 'अजमलीन' ठेवले. आजही हृदयाच्या ठोक्यांच्या एका विशिष्ट आजाराच्या तपासणीत डॉक्टर अजमलीन वापरतात. एका देशी कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत झालेले हे काम मला नेहमी थोर वाटते.

पण एक कोडे उरले. हे शुद्ध, सुंदर स्फटिक प्राण्यांना दिले की मुळीसारखी गुंगी येत नव्हती. उलट स्फटिक काढून घेतल्यावर उरलेली बदनाम राळ दिली की ते शांत होत! म्हणजे खरा गडी अजून कचऱ्यातच बसला होता. मुलांना मी इथे थांबवतो आणि विचारतो, वरच्या युक्तीतून तो निसटला कसा? उत्तर असे की हा पदार्थ फार दुबळा आम्लारी आहे. आम्लाशी त्याचा संयोग झाला तरी तो पाण्यात उतरायला कुरकुरतो आणि क्लोरोफॉर्ममध्येच राहणे पसंत करतो. पद्धत चांगली होती, पण तिच्या जाळीची भोके या माशासाठी मोठी होती.

दरम्यान मुंबईत काम चालूच होते. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन, मोजमापे ठेवून, १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. रक्तदाब खरोखर उतरत होता. त्या लेखानंतर पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आणि १९५२ साली स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात, सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी त्या राळेतूनच नवा स्फटिक काढला. नाव ठेवले रेसर्पिन. प्रत्येक टप्प्यावर राळेचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग प्राण्याला देऊन पाहायचा, गुंगी आणणारा भाग ठेवायचा, बाकीचे बाजूला, पुन्हा त्याचे भाग पाडायचे. अशी ही वाट असते. भाग पाडण्याची एक रीत वसतिगृहातही दाखवता येते. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या आणि पट्टीचे खालचे टोक पाण्यात बुडवा; ठिपका मात्र पाण्याच्या वर राहू द्या. पाणी वर चढते तसा काळ्यातून निळा, तांबडा, पिवळा वेगळा होतो, कारण प्रत्येक रंग कागदाला कमीजास्त चिकटतो. प्रयोगशाळेत कागदाऐवजी अ‍ॅल्युमिनाच्या पुडीने भरलेली काचेची नळी असते, एवढाच फरक.

रेसर्पिन मुळीत किती? शेकडा ०.१ ते ०.२, त्याच्या आसपास. हिशेब करून पाहू. ०.१५ टक्के धरले तर एक किलो वाळलेल्या मुळीत दीड ग्रॅम, म्हणजे १५०० मिलिग्रॅम. रक्तदाबासाठी रोज पाव मिलिग्रॅम धरले तर हे ६००० दिवस, म्हणजे एका रुग्णाला सोळा वर्षांहून अधिक पुरेल. म्हणूनच मुळीची पूड अंदाजाने चिमटीत धरून देणे धोक्याचे. एका झाडाच्या चिमटीत जितके असते त्याच्या दुप्पट दुसऱ्याच्या चिमटीत असू शकते, आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात.

पदार्थ हाती आला तरी तो आतून कसा बांधलेला आहे हे कळायला आणखी दोन-तीन वर्षे गेली. अल्कलीत उकळला तर त्याचे तीन तुकडे होतात : रेसर्पिक आम्ल, ट्रायमेथॉक्सीबेंझॉइक आम्ल आणि मेथिल अल्कोहोल. घर पाडून विटा मोजायच्या आणि त्यावरून घराचा नकाशा काढायचा, तसेच हे. नकाशा तयार झाला : कार्बनचे ३३ अणू, हायड्रोजनचे ४०, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे ९.

मग आले कृत्रिमरीत्या घडवण्याचे आव्हान. रेसर्पिनच्या रेणूत सहा अशा जागा आहेत की जिथे अणूंची मांडणी उजवी किंवा डावी असू शकते, चपलांच्या जोडीसारखी. सहा जागा, प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे ६४ वेगवेगळे रेणू. झाडाला त्यातला एकच ठाऊक आहे, आणि औषध म्हणून आपल्याला तोच हवा. हार्वर्ड विद्यापीठाचे रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ साली तो घडवून दाखवला. सुरुवात केली अगदी साध्या दोन पदार्थांपासून, त्यातला एक बेंझोक्विनोन. आणि पहिल्याच पायरीवर तीन जागा एकदम योग्य बाजूला बसवल्या.

शेवटी एक जागा मात्र उलटी बसली होती. ती सरळ करायला आम्लात तापवायचे, तर अडचण अशी की रेणूला उलटीच स्थिती अधिक आरामाची होती. कितीही तापवा, तो तिकडेच झुकणार. वुडवर्डनी काय केले, रेणूच्याच दोन टोकांना एकमेकांशी बांधून टाकले. त्या बंधाने रेणू असा वाकला की आता उलटी स्थिती त्याला अवघडल्यासारखी झाली. मग आम्लात तापवल्यावर तो आपणहून सरळ बाजूला वळला, आणि नंतर बंध सोडून दिला. काकडीचा वेल हवा तिकडे वळवण्यासाठी आपण त्याला सुतळीने काठीला बांधतो, ओढून मोडत नाही. त्यातलाच हा विचार. वुडवर्डना १९६५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच कामांसाठी.

इतके होऊनही जंगलावरचा ताण गेला नाही. घडवणे शक्य असणे आणि ते स्वस्तात परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी. मुळी खणणाऱ्याच्या मजुरीपुढे कारखान्यातल्या लांबलचक पायऱ्या महाग पडतात, म्हणून मुळीची मागणी चालूच राहिली. पुढे आफ्रिकेतली राउवोल्फिया व्होमिटोरिया ही जातही त्यासाठी खणली गेली. आपल्याकडे सर्पगंधा इतकी उपसली गेली की १९९० पासून ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. पान तोडले तर झाड राहते, फळ तोडले तरी राहते. मुळी काढली की झाडच गेले.

रेसर्पिन शरीरात काय करते तेही थोडक्यात सांगतो. मज्जातंतूंच्या टोकांना संदेश पोहोचवणाऱ्या रसायनांच्या लहान लहान पिशव्या असतात. रेसर्पिन त्या भरू देत नाही, त्यामुळे साठा रिकामा होतो. रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, मन शांत होते. पण साठा फार रिकामा झाला तर माणूस खिन्न होतो, नाक चोंदते, पोटात व्रण होऊ शकतो. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा नावाचा पदार्थ दिला, आणि ससे हलू-फिरू लागले. कंपवाताच्या आजच्या औषधाचा पाया तिथे पडला. हाच एल-डोपा १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी कशातून वेगळा केला होता? खाजकुयलीच्या बियांतून. आपल्या कुंपणावरची, अंगाला लागली की खाज सुटणारी, तीच.

या दुष्परिणामांमुळे आज रक्तदाबासाठी डॉक्टर बहुधा इतर गोळ्या देतात. आरोग्यसेवकांनी लक्षात ठेवावे : गोळ्या चालू असलेला रुग्ण वरून मुळीही घेत असेल तर दाब एकदम उतरू शकतो. विचारताना "मुळी घेता का?" असे दरडावून विचारू नका, माणूस नाही म्हणून मोकळा होतो. "आजी, झोपेसाठी घरचं काही घेता का?" असे विचारले की खरे उत्तर येते. मन खचलेल्या माणसाला आणि गरोदर बाईला ही मुळी अजिबात नको.

आता पोटापाण्याचा प्रश्न. पाड्यावरून गेलेली मुळी, पुढे निघालेला अर्क, त्यापुढची गोळी. प्रत्येक पायरीवर किंमत वाढते आणि पहिल्या पायरीवरच्या माणसाच्या हाती सर्वांत कमी येते. ओली मुळी त्याच दिवशी विकली तर पाण्याचे वजन कापून घेतात, आणि कधी कापतात त्याहून जास्त. सावलीत नीट वाळवून, कोरड्या पोत्यात, उजेडापासून दूर ठेवलेली मुळी टिकते. रेसर्पिन उजेडाने खराब होते, म्हणून अंगणात उन्हात पसरू नये. एक-दीड वर्षाची कोवळी मुळी काढण्यात काही मिळत नाही. दोन ते तीन वर्षांची, पाने गळाल्यावर थंडीत काढावी.

हक्काचेही थोडे. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होणारे गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा अधिकार मान्य केला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवही आणली. केरळमधल्या काणी आदिवासींचे उदाहरण मी मुद्दाम सांगतो. त्यांनी शास्त्रज्ञांना 'आरोग्यपच्चा' ही थकवा घालवणारी वनस्पती दाखवली. तिच्यापासून 'जीवनी' नावाचे औषध झाले, १९९५ साली ते बनवण्याचा परवाना दहा लाख रुपये आणि दोन टक्के स्वामित्वधन या अटीवर दिला गेला, आणि त्यातला निम्मा वाटा काणींच्या विश्वस्त संस्थेसाठी ठरला. व्यवहार पुढे अडखळला, वादही झाले, तरी ज्ञान दाखवणाऱ्याचा वाटा कागदावर मांडला गेला ही गोष्ट लहान नाही. सर्पगंधेच्या वेळी असा कागद कुठेच नव्हता. आपल्या गावाची नोंदवही भरताना झाडांची नावे, जागा, ऋतू जरूर लिहा. भगतांना जे उघड करायचे नाही ते त्यांच्यावर जबरदस्ती करून लिहून घेऊ नका. आणि एखादा पाहुणा गोड बोलून "फक्त नमुना द्या" म्हणाला, तर त्याला समितीपुढे बसवा.

रोपवाटिकेसाठी : पिकलेली काळी फळे चोळून गर काढावा, बी पाण्यात टाकावे, तरंगणारे फेकावे, बुडणारे घ्यावे. सर्पगंधेचे बी उगवण्यात फार कुचराई करते, पुष्कळसे पोकळच असते, म्हणून हव्या असलेल्या रोपांच्या तिप्पट-चौपट बी पेरा. मे महिन्याच्या मध्यानंतर गादीवाफ्यात, अर्धवट सावलीत पेरावे. रोपे पाऊस स्थिरावला की बांधावर, आंब्या-काजूच्या सावलीत लावावीत. मुळाचे बोटभर तुकडे लावूनही रोपे होतात. ज्या वसतिगृहांना बी हवे असेल त्यांनी एप्रिल संपण्यापूर्वी आपल्या विभागाच्या कार्यकर्त्याकडे नाव द्यावे. पुढच्या अंकात कळलावीचा कंद आणि त्यातले कोल्चिसीन घेऊ. तोवर कळलावीला मुलांनी हात लावू नये, ती विषारी आहे.